सोने गेले, खाण उरली

शेलू हे मुंबई-कर्जत लोहमार्गावरील वांगणी आणि नेरळ या दोन स्थानकांच्या दरम्यानचे गाव. माथेरानच्या डोंगररांगेच्या छायेतील या परिसरात विहीर खणताना, रस्त्यासाठी खडी फोडताना किंवा घराचा पाया घेताना काळ्या कातळाच्या पोकळीतून पांढरे, धुरकट, क्वचित जांभळट छटेचे चकाकते स्फटिक बाहेर पडतात. शाळकरी मुले ते खिशात घालून वर्गात आणतात आणि गुरुजींपुढे ठेवून विचारतात, "हा हिरा आहे का? यात सोने असते का?" मुलांचा हा प्रश्न मोठ्यांच्या मनातही असतो. गारगोटीत सोने सापडते, हे अनेकांनी ऐकलेले असते. मग कर्जत-खालापूरच्या गारगोटीत ते का नसावे? आणि जिथे ते खरोखर सापडले, तिथल्या गावांचे पुढे काय झाले?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना जुन्या मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला जावे लागते. तेथील कप्पतगुड्ड डोंगरात गारगोटीच्या शिरा फोडून सोने काढण्याचा उद्योग झाला आणि थोड्याच वर्षांत तो बंद पडला. तेथील एका खाणीला आजही 'सांगली खाण' म्हणतात. खाण म्हणजे केवळ जमिनीतील खड्डा नव्हे. ती गाव वसवते आणि बंद पडली की गावाला पोरके करते. म्हणून हा इतिहास शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य या तिघांच्याही अभ्यासाचा आहे.

गारगोटी आणि सोने

सोने गारगोटीत कसे येते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पृथ्वीच्या पोटात काही किलोमीटर खोलीवर अतिशय तप्त पाणी खडकांच्या भेगांतून वर सरकत असते. या पाण्यात गंधकाच्या संयुगांच्या आधाराने सोन्याचा सूक्ष्म अंश विरघळलेला राहतो. पाणी वर येताना दाब व तापमान उतरते, भोवतालच्या लोहयुक्त खडकाशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि भेगेत सिलिका साठून गारगोटीची शीर तयार होते. त्याच शिरेत सोन्याचे कण अडकून बसतात. अशा शिरांचे माहेर म्हणजे अतिप्राचीन रूपांतरित खडक. आपल्या देशात ते मुख्यतः धारवाड गटाचे असून त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आगेमागे किंवा त्याहून अधिक आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ मात्र लाव्हारसाचा आहे. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातील सिलिका व इतर द्रव्ये त्या पोकळ्यांत साठून गारगोटी, अकीक व झिओलाइट यांचे स्फटिक बनले. मुलांच्या खिशातील खडा हा असा पोकळीतला स्फटिक होय. त्याला सोने वाहून आणणाऱ्या खोल भेगांचा व तप्त जलप्रवाहाचा वारसा नाही. म्हणूनच कर्जतची गारगोटी आणि कोलारची गारगोटी द्रव्याने एकच असली, तरी त्यांची जन्मकथा वेगळी आहे.

प्राचीन खडक महाराष्ट्रात नाहीत असे नव्हे. सिंधुदुर्गात व विदर्भाच्या पूर्व भागात ते उघडे दिसतात आणि नागपूर-भंडारा परिसरात सोन्याचे अंशही नोंदले गेले आहेत. सह्याद्रीत ते लाव्हाच्या जाड थरांखाली गाडले गेले आहेत. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल वेधनात बेसॉल्टचे नऊशे मीटरहून अधिक थर ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. शेलूच्या शेतातला कातळ फोडून सोने मिळेल, ही आशा यावरूनच सोडून द्यावी लागते.

कप्पतगुड्डचे झारेकरी

गदगच्या दक्षिणेस तुंगभद्रेच्या दिशेने कप्पतगुड्डची रांग पसरली आहे. आज हा प्रदेश कर्नाटकाच्या गदग जिल्ह्यात असला, तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो धारवाड जिल्ह्याचा भाग म्हणून मुंबई राज्यात होता. कुलाबा जिल्ह्याचा आणि धारवाड जिल्ह्याचा कारभार तेव्हा मुंबईच्या एकाच सचिवालयातून चाले.

या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात, हे स्थानिक लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. 'जालगार' नावाने ओळखले जाणारे लोक पावसाळ्यानंतर ओढ्यांतील वाळू लाकडी पात्रात धुऊन, तळाशी उरलेल्या काळ्या जड वाळूतून पाऱ्याच्या साहाय्याने सोने वेगळे करीत. आपल्याकडे सोनारपेठेतील केरातून सोने शोधणारे झारेकरी असतात. जालगार हे जणू डोंगराचे झारेकरी होते. सोरतूर गावाजवळचा ओढा त्यांत विशेष नावाजलेला होता.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या डोंगरांची पाहणी करून १८७४ साली आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. वाळूत सोने येते ते वरच्या खडकांतून, हे ओळखून त्यांनी प्रत्येक ओढ्याचा माग त्याच्या उगमापर्यंत काढला. याच फूट यांनी पुढे या प्राचीन खडकांच्या गटाला 'धारवाड' हे नाव दिले. आज देशभरातील विद्यार्थी भूगोलाच्या पुस्तकात जी धारवाड प्रणाली शिकतात, तिचे नामकरण आपल्या जुन्या इलाख्यातील एका जिल्ह्यावरून झाले आहे, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे.

सांगली संस्थानची खाण

कप्पतगुड्डच्या कुशीतील शिरहट्टी हा तालुका पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा होता. संस्थानाचे तालुके एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ व शहापूर यांच्या जोडीला दक्षिणेत एकटा पडलेला शिरहट्टी. त्यामुळे या डोंगरातील एका खाणीला सांगलीचे नाव मिळाले आणि १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावरही ते पुसले गेले नाही. अत्तिकट्टी, काबुलायतकट्टी, होसूर ही तेथील इतर खाणींची नावे भूवैज्ञानिक वाङ्मयात आढळतात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या भागात इंग्रजी भांडवलाच्या कंपन्यांनी खोदकाम केले. कोलारच्या खाणींची भरभराट तेव्हा शिगेला पोहोचली होती आणि धारवाडच्या खडकांतही दुसरे कोलार दडले असेल, अशी आशा भागधारकांना होती. गारगोटीच्या शिरांचा माग काढीत विवरे उतरवली गेली, यंत्रे आणली गेली, सोने निघालेही. परंतु शिरा अरुंद होत्या, मध्येच तुटत होत्या आणि सोने सर्वत्र सारखे पसरलेले नव्हते. एका ठिकाणी समाधानकारक अंश लागावा आणि काही हात पुढे जाताच केवळ कोरी गारगोटी हाती यावी, अशी स्थिती होती. त्यातच काही धातुकांमध्ये सोने गंधक व आर्सेनिक यांच्या खनिजांशी जखडलेले असल्याने ते सोडवणे खर्चाचे होते. पुढचे दशक उजाडले तेव्हा हा उद्योग आवरता घेण्यात आला होता.

मागे उरली ती जुनी विवरे आणि फोडलेल्या खडकाचे ढीग. स्वातंत्र्यानंतर शास्त्रज्ञांनी या पट्ट्याचा पुन्हा अभ्यास केला आणि सोन्याच्या आशेने नवे प्रस्तावही आले. दुसरीकडे औषधी वनस्पतींनी समृद्ध असलेला हा डोंगर राखावा, अशी मागणी स्थानिक लोकांनी लावून धरली. अखेरीस २०१९ साली कप्पतगुड्ड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. ज्या डोंगराकडे एकेकाळी केवळ गारगोटीचा साठा म्हणून पाहिले गेले, त्याची किंमत आता पाणी, वनस्पती आणि वन्यजीव यांच्या मापाने मोजली जात आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीची विवरे

बंद पडलेली प्रत्येक खाण कायमची मृत होते असे नाही. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथील खाण याचे उदाहरण आहे. तेथील प्राचीन विवरे सुमारे दोनशे मीटर खोलीपर्यंत गेलेली आढळली आणि त्यांतील लाकडाचे कार्बन पद्धतीने काढलेले वय सुमारे दोन हजार वर्षे भरले. सुरुंगाच्या आधीच्या त्या काळात खडकावर आग पेटवून तो तापवीत आणि पाणी ओतून त्याला तडे पाडीत. कर्जतजवळची कोंढाणे लेणी सह्याद्रीच्या कातळात कोरली गेली, साधारण त्याच युगात हट्टीचे खाणकामगार दख्खनच्या दुसऱ्या टोकाला पाताळात उतरत होते. एकाच काळातल्या या दोन खोदकामांपैकी लेणी आपण वारसा म्हणून पाहतो, पण त्या खाणकामगारांची आठवण कोणी काढत नाही.

निजामाच्या राज्यात हैदराबाद दख्खन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टीची खाण चालविली आणि १९२० साली ती बंद केली. १९४७ साली नवी कंपनी स्थापन होऊन काम पुन्हा उभे राहिले. १९५६ पासून ही कंपनी हट्टीच्या नावाने ओळखली जाते. पूर्वीच्या खोदकामाचे अवशेष आणि नोंदी यांच्या आधारे पुढची पिढी पुन्हा शोध घेऊ शकते. जुन्या खाणीची नोंद जपण्याचे व्यावहारिक महत्त्व यातून दिसते.

कोलार : वैभव आणि समाप्ती

आता कोलारकडे वळू. लेफ्टनंट जॉन वॉरन यांनी १८०२ साली तेथील लोक माती धुऊन सोने काढतात, हे पाहून नोंद केली. १८७० च्या दशकात मायकेल लव्हेल यांनी परवाना मिळवून आधुनिक पद्धतीने शोध आरंभला आणि १८८० पासून जॉन टेलर आणि सन्स या कंपनीकडे व्यवस्थापन आले. चॅम्पियन नावाने प्रसिद्ध झालेली गारगोटीची शीर हाती लागताच कोलारचे रूप पालटले.

या खाणींसाठी कावेरीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभारून १९०२ साली सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरून वीज आणण्यात आली. खोपोलीचे जलविद्युत केंद्र मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले ते १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले ते १९२२ साली. धबधब्याची वीज दूरच्या उद्योगाला पुरविण्याचा जो प्रयोग आपल्या घाटमाथ्यावर झाला, त्याची वाट कोलारच्या सोन्याने आधी मोकळी केली होती.

खडक फोडून त्याचे पीठ करणे, पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून ते वाहू देऊन सोने पकडणे आणि उरलेले सूक्ष्म सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून जस्ताच्या साहाय्याने परत मिळवणे, अशी ही प्रक्रिया होती. सायनाइडची पद्धत १८८७ साली शोधली गेली आणि जगभरच्या खाणींचे अर्थशास्त्र बदलले.

सुमारे १२० वर्षांत कोलारने पाच कोटी टनांवर खडक फोडून सुमारे ८०० टन सोने दिले. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खोली वाढली तसा खालच्या खडकाचा ताप वाढला, दाबाने खडक फुटण्याचे अपघात होऊ लागले, पाणी उपसण्याचा व हवा पोहोचविण्याचा खर्च चढत गेला. आरंभी टनामागे चाळीस ग्रॅमहून अधिक मिळणारे सोने शेवटी तीन ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे एका तोळ्यासाठी सुमारे चार टन खडक तीन किलोमीटर खालून वर आणून दळावा लागे. खाणी १९५६ साली म्हैसूर सरकारकडे व १९६२ साली केंद्राकडे आल्या, १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेर काम थांबले.

या खोलीने विज्ञानाला मात्र अनमोल देणगी दिली. जमिनीखाली सुमारे सव्वादोन किलोमीटरवर, जिथे वैश्विक किरणांचा उपद्रव अत्यल्प असतो, तिथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह प्रयोग करून १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद मिळवली. खाण आवरली जाऊ लागली तसे हे प्रयोगही १९९० च्या दशकाच्या आरंभी थांबले. पंप बंद झाल्यावर विवरांत पाणी भरत गेले.

अवशेषांचा हिशेब

खाण बंद झाल्यावर कोलारला काय उरले? दळलेल्या खडकाच्या तीन कोटी टनांहून अधिक भुकटीचे डोंगर उरले. त्यांना तिथे 'सायनाइडचे डोंगर' असेच म्हणतात. वाऱ्याच्या दिवसांत ही भुकटी घरांत, अन्नात आणि श्वासात जाते. पावसाळ्यात ती ओढ्यांत उतरते. कामगारांच्या चाळी उरल्या, विवरांवरचे पोलादी मनोरे उरले आणि शतकभर खाणीवर जगलेली वस्ती उरली. विसाव्या शतकाच्या आरंभी तीस हजारांच्या घरात असलेले कामगार बंद होण्याच्या वेळी काही हजारांवर आले होते. त्यांच्या मुलांपुढे दुसरा उद्योग नव्हता. आज तेथील हजारो माणसे पहाटेची गाडी पकडून शंभर किलोमीटरवरच्या बंगळूरला कामासाठी जातात आणि रात्री परततात.

शेलू, नेरळ, भिवपुरीच्या रहिवाशांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पहाटेच्या लोकलची गर्दी त्यांच्या नित्य परिचयाची आहे. फरक इतकाच की, कोलारच्या घरांतील वडीलधाऱ्यांना आपल्या दारातून चालत खाणीवर जायची सवय होती. गाव रोजगारासाठी एकाच उद्योगावर विसंबले आणि त्या उद्योगाच्या अखेरीचा विचार आधी कोणी केला नाही, की त्याची किंमत पुढच्या पिढीला अशी रोज मोजावी लागते.

खाण उघडताना परवाने, नकाशे, भांडवल, यंत्रे यांचा बारकाईने विचार होतो. ती मिटताना काय करावे, याचा विचार मात्र पुष्कळ काळ कोणी केला नाही. आपल्या देशात प्रमुख खनिजांच्या खाणींसाठी खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी बंधनकारक झाली ती २००३ साली, म्हणजे कोलार बंद पडल्यानंतर दोन वर्षांनी.

शाळेने काय करावे?

चकाकता खडा आणणाऱ्या मुलाला 'हे सोने नव्हे' एवढे सांगून परत पाठवू नये. त्याला परीक्षा करायला शिकवावे. खडकात पिवळी चकाकी देणारे द्रव्य बहुधा पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे खनिज, किंवा पिवळसर अभ्रक असते. पहिली परीक्षा हातोडीची : सोने ठोकले असता पसरते, पायराइटचा चुरा होतो. दुसरी परीक्षा रेघेची : चिनी मातीच्या फरशीच्या न झिलईलेल्या मागील बाजूवर घासले असता सोन्याची रेघ पिवळी उठते, पायराइटची हिरवट काळी. तिसरी परीक्षा वजनाची : सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून जड असते, पायराइट सुमारे पाच पट आणि गारगोटी अडीच पटींहून किंचित अधिक. 'दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं' ही म्हण येथे प्रयोगाने सिद्ध करता येते. गुप्तधनाच्या नावाने भोळ्या माणसांना लुबाडण्याचे प्रकार ग्रामीण भागात घडतात. या तीन परीक्षा शिकलेला विद्यार्थी आपल्या घरच्यांनाही सावध करू शकेल.

पंचायतीने काय करावे?

कर्जत-खालापूर भागात सोन्याची खाण नाही, पण दगडाच्या खाणी आहेत. बांधकामाच्या वाढत्या मागणीमुळे त्या उघडतात आणि दगड संपला किंवा परवाना संपला की तशाच सोडल्या जातात. पावसाळ्यात त्यांत पाणी साठते. काठ उभा कडा असतो, खोलीचा अंदाज येत नाही आणि पोहायला गेलेली मुले त्यात बुडतात. कोलारच्या विवरांचे मोठे दुःख आपल्या गावात लहान रूपाने असे दाराशी उभे असते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार भूगर्भातील खनिजांवर शासनाचा हक्क आहे. गौण खनिजांच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. तेव्हा खाणपट्ट्याचा विषय ग्रामसभेपुढे येईल तेव्हा किती दगड निघणार, एवढेच विचारून थांबू नये. खोदकाम संपल्यावर कडे उतरते केले जातील काय, कुंपण कोण घालणार, साठलेले पाणी वापरण्याजोगे असेल काय आणि त्या जमिनीचा पुढे उपयोग कोणता, हे प्रश्नही त्याच सभेत विचारून इतिवृत्तात नोंदवावेत.

जुन्या, सोडून दिलेल्या खाणींसाठी पंचायत एक साधी नोंदवही ठेवू शकेल. खाणीचा गट क्रमांक, ती केव्हापासून बंद आहे, पावसाळ्यात पाण्याची खोली किती होते, कुंपण व सूचनाफलक आहेत काय आणि जवळची शाळा किंवा वस्ती किती अंतरावर आहे, या पाच नोंदी पुरेशा आहेत. शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काठापासून सुरक्षित अंतर राखून या कामात मदत करू शकतील. तलाठी व ग्रामसेवक यांनी त्या नोंदी तपासून तहसील कार्यालयाकडे पाठविल्यास, कुठे आधी कुंपण हवे हे ठरवणे सोपे होईल. काही ठिकाणी साठलेले पाणी टंचाईच्या महिन्यांत वापराला येऊ शकेल. मात्र तपासणीशिवाय ते पिण्यासाठी घेऊ नये.

कप्पतगुड्डच्या जालगारांनी ओढ्यातील वाळू धुताना डोंगर फोडला नाही. त्यांच्यामागून आलेल्या कंपन्यांनी डोंगर फोडला, सोने नेले आणि विवरे तशीच सोडली. कोलारने आठशे टन सोने देशाला व जगाला दिले आणि भुकटीचे डोंगर स्वतःकडे ठेवले. जमिनीतून काय निघाले, हे कंपनीच्या हिशेबात राहते. जमिनीत काय उरले, हे मात्र गावालाच पाहावे लागते. शेलूच्या शाळेत पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी गारगोटीचा खडा घेऊन येईल, तेव्हा तो कोठून आणला, हेही त्याला विचारावे. तो बंद खाणीच्या काठावरून आणला असेल, तर नोंदवहीतली पहिली नोंद त्याच दिवशी करावी.